बॅलेच्या मिश्र कार्यक्रमात, म्हणजे एका संध्याकाळी दोन-तीन वेगवेगळे नाच असतात त्यात, पूर्ण गोष्टच नसते. मग पैसे घालावेत, की 'स्वान लेक'सारख्या पूर्ण गोष्टीच्या बॅलेची वाट बघावी?

घाला पैसे. 'ला बायादेर'मधला छायांचा प्रवेश, नृत्यरचनाकार बॅलनशीनचं 'सेरेनाड' आणि नृत्यरचनाकार फोरसाइथचं 'इन द मिडल, समव्हॉट एलिव्हेटेड' एकाच संध्याकाळी म्हणजे चैनच आहे.

पहिल्यांदा मीही गोष्टच शोधत बसले होते. मध्यंतरापर्यंत डोकं कार्यक्रमपत्रिकेत. तुम्ही त्याऐवजी एकच मुद्रा धरून ठेवा : अराबेस्क. एका पायावर उभं राहायचं, दुसरा मागे ताणायचा.

'ला बायादेर' पेतिपानं 1877 साली पीटर्सबर्गला बसवलं. अफूच्या धुंदीत नायक सोलोरला त्याची मेलेली प्रेयसी निकिया दिसते आणि उतारावरून पांढऱ्या वेषातल्या नर्तकी, म्हणजेच छाया, एकामागून एक उतरू लागतात. प्रत्येकीचं तेच अराबेस्क, तेच मागे कलणं. चोवीस किंवा बत्तीस जणी! सगळ्यांत आधी उतरलेलीला ते सगळ्यांत जास्त वेळा करावं लागतं, आणि कुणाचा घोटा जरा थरथरला तरी अख्ख्या थिएटरला दिसतो. (निकिया ही आपल्याकडची देवळातली नर्तकी. 'बायादेर' हा शब्दही मूळ पोर्तुगीज, गोव्यातल्या देवळांत नाचणाऱ्या बायकांना पोर्तुगीज लोक 'बायलादेइरा' म्हणत. रंगमंचावरचा भारत मात्र ओळखू येत नाही, हसू आलं तर दाबा.)

'सेरेनाड' 1934 चं, न्यूयॉर्कमधल्या विद्यार्थ्यांसाठी केलेलं. पहिल्या दिवशी सतरा मुली आल्या म्हणून सुरुवात सतरा जणींची. एक उशिरा आली, एक पडली. बॅलनशीननं तेही नाचात ठेवून दिलं. शेवटच्या भागात एकजण अराबेस्कमध्ये निश्चल उभी असते आणि जमिनीवरचा पुरुष तिचा टेकलेला पाय धरून तिला सावकाश फिरवतो. माझ्या शेजारच्या आजोबांनी तेव्हा चष्मा काढून पुसला.

फोरसाइथचं काम 1987 चं, पॅरिस ऑपेराच्या बॅलेसाठी केलेलं. नावाचा अर्थ लावू नका : वर मधोमध, जरा उंचावर सोनेरी चेरी टांगलेल्या असतात, बस्स. संगीत कानठळ्या बसवणारं. पायात तेच बोटांच्या टोकांवर उभं राहायचे बूट, पण अराबेस्क आता तोल जाईल इतकं खेचलेलं. छाया ताज्या आठवत असतील तर ते ओळखू येतं, आणि अंगावर येतं.

तिकीट वरच्या सज्जातलं काढा. स्वस्त असतं, आणि छायांच्या रांगा पुढच्या खुर्च्यांवरून तशा दिसतच नाहीत.