वाजवून घेऊ नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पहिलं रोमन नाणं घेण्याआधी ‘वाजवून बघू का?’ असं विचारलंस. नको. रुपया वाजवून घ्यायची आपली सवय जुनी, पण डेनारियसची, म्हणजे रोमच्या चांदीच्या नाण्याची, चांदी दोन हजार वर्षांत आतून ठिसूळ झालेली असू शकते. फरशीवर टाकलंस तर दोन तुकडे हाती येतील. शिवाय अस्सल असूनही ते बद्द वाजेल.

रोमच्या सराफांचाही निव्वळ आवाजावर भरवसा नसावा. प्रजासत्ताकाच्या काळातल्या कितीतरी नाण्यांवर बारीक टोचे मारलेले दिसतात, बहुधा आत तांबं आहे का ते बघायला. तांब्याच्या चकतीवर चांदीचा पत्रा चढवलेली खोटी नाणी तेव्हाही चालायचीच!

तू आधी कड बघ. ठसा हाणून पाडलेल्या नाण्याची कड ओबडधोबड, कधी चिरलेली असते. साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेला जोडाची रेघ सापडते, अंगावर सुईच्या टोकाएवढे खड्डे. मग वजन. सम्राट ऑगस्टसचा डेनारियस साधारण ३.९ ग्रॅमचा, पुढे सम्राट निरोने इ.स. ६४ मध्ये त्याचं वजन ३.४ च्या आसपास उतरवलं. झिजेमुळे थोडं कमी भरेल, पण फार जास्त भरलं तर सावध हो.

सीझरच्या चेहऱ्यामागे लागू नकोस. रोमन सेनापती मार्क अँटनीने इ.स.पू. ३२-३१ मध्ये सैन्याच्या पगारासाठी पाडलेलं नाणं घे: एका बाजूला गलबत, दुसऱ्या बाजूला दोन निशाणांमध्ये गरुड आणि पलटणीचा क्रमांक. त्यात भेसळ जास्त, म्हणून वितळवायला फारसं कुणी नेलं नाही आणि ते शतकाहून जास्त काळ हातोहात फिरलं. झिजलेलंच मिळेल. मला तेच आवडतं.

माझं पहिलं तेच होतं. घरी आणून दंतमंजनाने निरांजनासारखं घासलं. काळी झाक पाच मिनिटांत गेली, अक्षरांची धारही गेली. आईला मात्र फार आवडलं.

कागदपत्रांशिवाय घेऊ नकोस. कोइम्बतूरकडे ऑगस्टस-टायबेरियसची नाणी खरोखर सापडली आहेत, म्हणून ‘शेतात सापडलं’ ही थाप पटकन पटते. खरंच सापडलं असेल तर १८७८च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणे ते कलेक्टरला कळवायचं असतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेरही नेता येत नाही.

घेण्याआधी फोटो पाठव. कडेचा आधी.