पॅलेडियम हायड्रॉक्साइडवर हायड्रोजन सोडताना

अरे, पॅलेडियम हायड्रॉक्साइडची हायड्रोजनशी रिॲक्शन किती वेगानं होते ते मोजायचंय ना, मग आधी डोक्यातून पर्लमन कॅटॅलिस्ट (कार्बनवर बसवलेलं पॅलेडियम हायड्रॉक्साइड) काढ, ती कार्बनवरची काळी पूड वेगळी, तुझं आहे ते पीसीपी पिन्सरवालं (फॉस्फरस-कार्बन-फॉस्फरस अशा तीन ठिकाणी चिमट्यासारखं धातूला धरणारा रेणू), एकच पॅलेडियम आणि त्यावर ओएच. हायड्रोजन आला की त्याचे दोन तुकडे सारखे वाटले जात नाहीत, प्रोटॉन (H⁺) ऑक्सिजनकडे जातो नि हायड्राइड (H⁻) पॅलेडियमकडे, चार अणूंच्या कड्यातून, मग पाणी सुटतं आणि पॅलेडियमची ऑक्सिडेशन स्टेट दोनवरच राहते, चारवर जायची भानगडच नाही.

आता खरी कटकट. साध्या दाबाला बेंझिनमध्ये हायड्रोजन जेमतेम ३ मिलिमोलर विरघळतो, म्हणून एनएमआर ट्यूब नुसती उभी ठेवून काढलेला रेट म्हणजे गॅस किती भराभर खाली उतरतोय त्याचा रेट, रिॲक्शनचा नाही!! ट्यूब सारखी उलटीपालटी करत राहा. लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवून १ ॲटमॉस्फिअर भरलास तर रूम टेंपरेचरला साधारण ४ होतात, त्यामुळे जाड काचेचीच ट्यूब घे बाबा, आणि समोर शील्ड हवीच.

हवा तर अजिबात लागू देऊ नको, हे ओएच सीओटू गिळून बायकार्बोनेट होऊन बसतं आणि तू उगाच नवीन पीक शोधत बसशील.

एनएमआरमध्ये (हायड्रोजनचे अणू कुठे आहेत ते पीकवरून दाखवणारं तंत्र) हायड्राइड शून्याच्या उजवीकडे, दोन सारख्या फॉस्फरसमुळे ट्रिप्लेट, म्हणजे तीन फाट्यांचं पीक. ड्युटेरेटेड बेंझिनमध्ये ४.४७ पीपीएमला हायड्रोजन, ०.४० च्या आसपास पाणी. शंका आली तर हायड्रोजनऐवजी डी-टू (जड हायड्रोजन, ड्युटेरियम) घालून बघ, हायड्राइडचं पीक प्रोटॉन एनएमआरमध्ये दिसायला नको. आणि ट्यूबला काळं धरलं (पॅलेडियम धातू सुटून बसला) तर तो डेटा सरळ फेकून दे.