चौदा वर्षांच्या मुलांपुढे युद्धगुन्ह्यांचा खटला

प्रश्न : मी माध्यमिक वर्गांना इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. मानवी हक्क व आंतरराष्ट्रीय फौजदारी न्याय या विषयाची माझ्या हातून करार, वर्षे आणि संस्थांची यादी होऊन बसते. नरसंहाराविषयी सविस्तर बोलावे, तर वर्ग सुन्न होतो. शिवाय ‘मोठे देश ऐकतच नाहीत, मग आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा उपयोग काय?’ असे मुले विचारतात. त्यांना काय सांगावे?
– एक शिक्षिका

उत्तर : यादी आणि भीषण वर्णने दोन्ही बाजूला ठेवून एकच खटला निवडावा आणि तीन-चार तासिका घेऊन तो आरोपापासून शिक्षेपर्यंत मुलांसह वाचावा, असे मी आग्रहाने सुचवेन. माझी निवड थॉमस लुबांगा याच्या खटल्याची असेल. काँगोच्या इतुरी प्रांतात २००२-०३ मध्ये पंधरा वर्षांखालील मुलांना सशस्त्र गटात भरती करून लढाईत वापरल्याचा त्याच्यावर आरोप होता, आणि हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने १४ मार्च २०१२ रोजी दिलेला पहिला निकाल याच खटल्याचा होता. पीडित मुले आपल्याच वयाची होती, हे विद्यार्थ्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

या खटल्याचे खरे मोल मात्र त्याच्या अडचणींत आहे. बचावपक्षाला आवश्यक कागदपत्रे मिळत नाहीत, या कारणावरून न्यायाधीशांनी २००८ मध्ये कामकाजच थांबवले होते. पुढे माजी बालसैनिक म्हणून उभ्या राहिलेल्या अनेकांच्या साक्षी विश्वासार्ह न वाटल्याने त्यांनी त्या स्वीकारल्या नाहीत, आणि तरीही चित्रफिती व इतर पुराव्यांच्या आधारे आरोपीला दोषी ठरवून चौदा वर्षांची शिक्षा दिली. इथे थांबून वर्गाला विचारावे : इतका गंभीर आरोप असलेल्या माणसालाही निष्पक्ष सुनावणीचा हक्क का असावा? मुलांचा पहिला कौल बहुधा शिक्षेच्या बाजूने जातो. त्यांना लगेच खोडून काढू नये. वर्गाचे दोन गट करून एकाला फिर्यादीची आणि दुसऱ्याला बचावाची बाजू द्यावी, आणि दुसऱ्या दिवशी बाजू बदलाव्यात. मानवी हक्कांच्या सार्वत्रिक जाहीरनाम्यातील निष्पक्ष सुनावणीचे दहावे आणि निर्दोषत्वाच्या गृहीतकाचे अकरावे कलम त्यानंतर वाचले, तर ती कलमे मुलांना स्वतःच्या वादातून उगवल्यासारखी वाटतात. १० डिसेंबर १९४८ ही तारीख मग पाठ झाली नाही तरी चालेल.

नाझी नेत्यांवरील न्यूरेंबर्गच्या खटल्याकडे (१९४५-४६) यानंतर वळावे, तेही एकाच मुद्द्यासाठी : ‘मला वरून हुकूम होता’ ही सबब तिथे जबाबदारीतून सुटका देणारी मानली गेली नाही. मात्र बावीस आरोपींपैकी तिघे निर्दोष सुटले, हेही त्याच दमात सांगावे. पराभूतांचा न्याय जेत्यांनीच केला, हा आक्षेपही लपवू नये. जपानी नेत्यांवरील टोकियोच्या खटल्यात भारतीय न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी सविस्तर भिन्नमतपत्र लिहिले होते, आणि मोठ्या विद्यार्थ्यांना त्यातील युक्तिवाद समजतो.

मुलांचा शेवटचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला गुळमुळीत उत्तर देणे हा त्यांचा अपमान ठरेल. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाला स्वतःचे पोलीस नाहीत, अटकेसाठी ते राष्ट्रांवर अवलंबून असते, आणि अमेरिका, रशिया, चीन व भारत त्याचे सदस्य नाहीत, हे स्पष्ट सांगावे. त्याच बरोबर लायबेरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांना सिएरा लिओनसाठीच्या विशेष न्यायालयाने २०१२ मध्ये पन्नास वर्षांची शिक्षा दिली, हेही सांगावे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांच्यातला ताण मुलांना पेलतो.

प्रश्न : हत्याकांडांची छायाचित्रे वर्गात दाखवावीत का?
– एक पालक

उत्तर : मृतदेहांची दाखवू नयेत. त्या माणसांची संमती आपण घेतलेली नसते, आणि वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घराने हिंसा भोगलेली असू शकते. हिंसेपर्यंतची वाटचाल दाखवणे अधिक उपयोगाचे. रवांडातील १९९४ च्या नरसंहारात रेडिओवरून तुत्सी जमातीच्या लोकांना ‘झुरळे’ म्हटले जात होते. रेडिओ आणि वृत्तपत्र चालवणाऱ्या तिघांना रवांडासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये दोषी ठरवले, आणि २००७ मध्ये अपिलात काही आरोप रद्द होऊन शिक्षा कमी झाल्या. बोलण्याचे स्वातंत्र्य कुठे संपते आणि चिथावणी कुठे सुरू होते, यावर न्यायाधीशांतही मतभेद झाले. तोच प्रश्न मुलांपुढे ठेवावा आणि उत्तर सांगण्याची घाई करू नये.