बायकोला मारणाऱ्या भजनी बुवांचं गाणं ऐकावं का?

ऐका, पण सप्ताहात त्यांना शाल-श्रीफळ देऊ नका. गळ्याला दाद देणं वेगळं आणि माणसाचा सत्कार करणं वेगळं. मी आमच्या गावच्या खंजिरी भजन मंडळात तबल्यावर बसतो, त्यामुळे घोळ कुठं होतो ते जवळून पाहिलंय. "इतकं गोड गाणारा माणूस असं करंल का?" म्हणत सारं गाव त्या बाईलाच खोटं पाडतं. खरा अन्याय तिथं होतो, तुमच्या ऐकण्यात नाही. जर्मन संगीतकार वाग्नरने १८५० मध्ये ज्यूंविरुद्ध विखारी लेख लिहिला, पुढे नाझींनी त्याला डोक्यावर घेतलं, म्हणून इस्रायलमध्ये त्याचं संगीत आजही सहसा वाजवत नाहीत. २००१ मध्ये ज्यू वाद्यवृंद-संचालक बारेनबॉइम यांनी जेरुसलेमला ते वाजवलं, पण आधी श्रोत्यांना विचारून. काही जण उठून गेले, बाकीच्यांनी ऐकलं. ज्यांना जखम झाली त्यांना आधी विचारायचं, ही रीत मला फार मोलाची वाटते. फक्त एक फरक ध्यानात घ्या: वाग्नर कधीचाच गेला, तुमचे बुवा हयात आहेत आणि ती बाई आजही त्याच घरात नांदते. तेव्हा बिदागी देण्याआधी मंडळातल्या एखाद्या जाणत्या बाईने तिला एकटीला गाठून विचारावं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तिच्या बाजूने आहे, आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर. राष्ट्रसंतांच्या ग्रामगीतेत महिलोन्नतीचा अख्खा अध्याय आहे. मंडळाच्या पुढच्या बैठकीत बुवांसमोरच तो वाचायला घ्या.