मोठ्या कुत्र्याचं पोट अचानक फुगलं तर ते साधे गॅस की काहीतरी सीरियस, कसं ओळखायचं?

सगळ्यात मोठी खूण म्हणजे कुत्रा सारखा उलटी करायला बघतो, मान खाली घालून ओकाऱ्या काढतो, पण बाहेर काहीच पडत नाही, पडला तर नुसता पांढरा फेस. सोबत लाळ गळते, एका जागी बसवत नाही, वळून वळून स्वतःच्या पोटाकडे बघतो आणि फासळ्यांच्या मागचा भाग ढोलासारखा टणक लागतो. पण खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये फुगलेलं पोट फासळ्यांखाली लपतं, त्यामुळे पोट दिसायला नॉर्मल आहे म्हणून गप्प बसू नका. हिरड्या फिकट पडल्या म्हणजे शॉक सुरू झालाय, म्हणजे शरीराला रक्त नीट पोचत नाहीये.

या सीरियस प्रकाराला ब्लोट किंवा GDV म्हणतात. यात जठर गॅसने फुगून स्वतःभोवती पीळ खातं, रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत जीव जाऊ शकतो, म्हणून घरगुती उपाय, गॅसच्या गोळ्या वगैरे करत बसू नका, फोन करून थेट इमर्जन्सी व्हेटकडे न्या. एक्स-रेत पीळ कळतो, मग ऑपरेशनच.

ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन, सेंट बर्नार्ड यांना धोका जास्त, आईबापांना किंवा भावंडांना झालं असेल तर आणखी. जेवण एकदम न देता दोन-तीन वेळा थोडं थोडं द्या, गपागप गिळत असेल तर स्लो फीडर (हळू खायला लावणारं भांडं) घ्या, खाल्ल्यावर तासभर तरी पळापळ नको. भांडं उंचावर ठेवल्याने फायदा होतो असं बरेच जण सांगतात, मी तरी त्या भरवशावर राहणार नाही. खरा उपाय गॅस्ट्रोपेक्सी, म्हणजे जठर पोटाच्या भिंतीला आतून शिवून पक्कं करतात, नसबंदीच्या वेळीच करता येतं. फुगणं त्यानेही थांबत नाही, पण पीळ सहसा पडत नाही.