जुन्या वाद्यांवर वाजवणारा बरोक ऑर्केस्ट्रा शून्यापासून वाढतो कसा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: चार-पाच जणांचा गट पंचवीस वादकांचा बरोक (साधारण 1600 ते 1750 या काळातलं युरोपीय संगीत) ऑर्केस्ट्रा कसा होतो, आणि आधुनिक वाद्यांवर उत्तम वाजवणाऱ्यांच्या हातात थेट जुन्या घडणीची वाद्यं दिली तर काय बिघडतं.

दुसरं आधी घेतो. जुन्या वाद्यांवर वाजवणारा व्हिएन्नाचा 'कॉन्सेन्टस म्युझिकस' हा गट निकोलाउस आणि ॲलिस हार्नोन्कोर्ट यांनी 1953 मध्ये सुरू केला, पण पहिली जाहीर मैफल झाली 1957 मध्ये. मधली चार वर्षं तालमीत गेली. वादक नवशिके नव्हते, त्यांतले बरेचसे व्हिएन्ना सिम्फनीत नोकरीला होते. हार्नोन्कोर्ट स्वतः 1969 पर्यंत तिथे चेलो (व्हायोलिनच्या कुळातलं खर्जाचं वाद्य) वाजवत होते. जर्मन संगीतकार बाखच्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टोंचं (सहा वाद्यरचनांचा संच) ध्वनिमुद्रण 1964 मध्ये झालं. पुढे 1971 पासून जवळजवळ वीस वर्षं त्यांनी बाखचे चर्चसाठीचे सगळे कँटाटा (गायक आणि वाद्यांसाठीच्या रचना) गुस्ताव लेओनहार्ट यांच्या गटाबरोबर वाटून घेऊन रेकॉर्ड केले. हा वेग डोळ्यांसमोर ठेवा. सहा महिन्यांत ऑर्केस्ट्रा उभा करायची घाई असेल तर आधुनिक वाद्यांवरच वाजवलेलं बरं.

तंतुवाद्यांत बदलाचा क्रम मी असा सुचवेन: पहिल्यांदा गज, मग तारा, शेवटी वाद्य. बरेच जण नेमकं उलट करतात. बरोक गजाची काठी बाहेरच्या बाजूला किंचित फुगीर असते आणि टोक हलकं असतं. त्यामुळे मुठीकडून टोकाकडे जाताना आवाज आपोआप विरत जातो आणि मात्रांमधला जोरकस-हलका फरक न सांगता उमटतो. आधुनिक गज टोकापर्यंत सारखा आवाज देण्यासाठीच घडवला आहे. तो आतड्याच्या तारेवर दाबून चालवला की तार कुरकुरते, आणि वरची 'ई' (सगळ्यांत बारीक तार) तर शिट्टी मारते.

आतड्याची तार म्हणजे आपल्या सारंगीची तात. व्हायोलिनची 'ई' साधारण 0.6 मिलिमीटर जाडीची असते. घामाने तिचे तंतू सुटतात. ते ओढायचे नाहीत, नेलकटरने मुळाशी कापायचे आणि तारेला बदामाच्या तेलाचा हलका हात फिरवायचा. प्रत्येक वादकाकडे ताणून मुरवलेली जादा 'ई' आणि 'ए' हवीच, कारण नवी कोरी तार मैफलीत लावली तर ती संध्याकाळभर उतरत राहते. हनुवटीचा आधार 1820 च्या सुमाराला आला, आणि खांद्याखालची उशी त्याच्याही नंतरची. दोन्ही काढल्यावर डावा हात वरच्या जागेवरून खाली येताना वाद्य निसटतं. हात सरपटत आणायची सवय लागायला कित्येक महिने लागतात.

आता पट्टी. आज बहुतेक बरोक गट 'ए' 415 हर्ट्‌झला लावतात, म्हणजे आजच्या हार्मोनियमवरची पांढरी सहा जिथे असते, तिथून अर्धा स्वर खाली, काळी चारवर. हा विसाव्या शतकातला सोयीचा करार आहे. बरोक काळात गावागणिक पट्टी वेगळी होती. फ्रेंच संगीतासाठी 392 वापरतात. करार एकदा ठरला की तो मोडू नका, कारण ओबो (सनईसारखं पत्तीचं फुंकवाद्य) आणि बासरी एका पट्टीसाठीच बनवून घ्यावी लागते.

गट खरा फसतो तो सूर जुळवण्यात. व्हायोलिन, व्हिओला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं), चेलो यांच्या मोकळ्या तारा षड्ज-पंचमाच्या नात्यात असतात. प्रत्येकाने आपापले पंचम कानाला शुद्ध लावले तर चेलोच्या 'सी' पासून चार पंचम चढून येणारी व्हायोलिनची 'ई' शुद्ध गंधारापेक्षा सुमारे 22 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढी निघते. तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार ऐकलेल्या कानाला हे लगेच खटकेल. उपाय साधा आहे. हार्प्सिकॉर्ड (पियानोच्या आधीचं, तारा छेडणारं पट्ट्यांचं वाद्य) वालोत्ती पद्धतीने लावा: 'एफ' पासून 'बी' पर्यंतचे सहा पंचम प्रत्येकी जवळजवळ 4 सेंट आखूड, उरलेले सहा शुद्ध. मग तंतुवादकांनी फक्त 'ए' न घेता प्रत्येक तार हार्प्सिकॉर्डवरून स्वतंत्र घ्यावी. बरोकच्या सुरुवातीचा इटालियन संगीतकार मोंतेवेर्दी वाजवायचा तर सूर लावायची वेगळी व्यवस्था लागते, तिच्यात गंधार पूर्ण शुद्ध मिळतात, पण 'जी शार्प' आणि 'ई फ्लॅट' एकत्र आले की कान फाटतो. हार्प्सिकॉर्ड सभागृहात दोन-तीन तास आधी पोचलं पाहिजे, दिवे लावल्यानंतर ते जुळवलं पाहिजे आणि मध्यंतरात पुन्हा. दमट हवेत त्याची फळी फुगते आणि सूर चढतो. मुंबई-गोव्याच्या पावसाळ्यात हा प्रयोग करणार असाल तर सभागृहाची हवा आदल्या रात्रीपासून कोरडी ठेवावी लागेल.

आता तुमचा मुख्य प्रश्न, वाढ. ऑर्केस्ट्रा खालून वर वाढवा. पहिले चार जण: दोन व्हायोलिन, चेलो, हार्प्सिकॉर्ड. वर्षभर ट्रिओ सोनाटा (दोन वरच्या ओळी आणि खर्जाची साथ अशा रचना). हार्प्सिकॉर्डवाल्याला खर्जाच्या ओळीखालचे आकडे पाहून उजव्या हाताने जागच्या जागी सुरावट भरता आली पाहिजे. छापील भरणा वाचणारा माणूस या कामाचा नाही. पाचवा माणूस व्हायोलिनचा नको, मोठ्या खर्जाचा घ्या: व्हिओलोने (डबल बासचा जुना भाऊबंद) किंवा डबल बास. त्यानंतर व्हिओला आणि थिऑर्बो (लांब मानेचं, खर्जाच्या जादा तारांचं छेडायचं वाद्य). या टप्प्याला इटालियन संगीतकार कोरेल्लीचे 1714 चे बारा कॉन्चेर्टो ग्रोसो (छोटा गट आणि मोठा गट यांच्यासाठीच्या रचना) सोन्यासारखे आहेत. दोन व्हायोलिन आणि एक चेलो हा गाभा तोच राहतो आणि भोवतालचे वादक जमतील तेवढे वाढवता येतात, अशी मुभा खुद्द मुखपृष्ठावरच दिली आहे. अकरा जण झाले की ब्रांडेनबुर्गचा तिसरा: तीन व्हायोलिन, तीन व्हिओला, तीन चेलो, व्हिओलोने, हार्प्सिकॉर्ड.

पुढचा मुक्काम माझ्या मते चार पहिली व्हायोलिन, चार दुसरी, दोन व्हिओला, दोन चेलो, एक बास. व्हायोलिनवादक सहज मिळतात म्हणून सहा-सहा बसवायचा मोह टाळा. संगीतकार लुलीच्या काळच्या फ्रेंच दरबारी चोवीस तंतुवादकांत वरच्या ओळीला सहा होते आणि खर्जालाही सहा. हेंडेलच्या 'मसाया'च्या (गायकवृंद आणि ऑर्केस्ट्रासाठीची मोठी धार्मिक रचना) लंडनमधल्या 1754 च्या प्रयोगात 14 व्हायोलिन आणि 6 व्हिओला होते, आणि खालच्या बाजूला 3 चेलो, 2 बास आणि 4 बासून (खर्जाचं लाकडी फुंकवाद्य) असे नऊ जण. बाखने ऑगस्ट 1730 मध्ये लाइपझिगच्या नगरपालिकेला दिलेल्या निवेदनात किमान अठरा वादक मागितले होते, त्या वेळी शहराने नेमलेले वादक आठच होते. म्हणजे कमी माणसांत बरोक वाजवणं हे काही आजचं दुखणं नाही.

ओबो तंतुवाद्यं तीन-तीन झाल्यावरच आणा. दोनच व्हायोलिनांच्या जोडीला दोन ओबो बसले तर फक्त ओबो ऐकू येतात. आणताना बासूनसह आणा. बाखचा पहिला ऑर्केस्ट्रल सुइट नेमका याच जुळणीचा आहे. नवा लाकडी ओबो रोज पंधरा-वीस मिनिटंच वाजवून मुरवायचा, नाहीतर त्याला चीर जाते. फुंकवाद्यं तापली की चढतात आणि हार्प्सिकॉर्ड जागचं हलत नाही, म्हणून सूर जुळवण्याआधी ती दहा मिनिटं वाजवून घ्या.

ट्रम्पेट आणि टिंपनी (कातड्याचे मोठे नगारे) सगळ्यांत शेवटी, आणि सुरुवातीला पाहुणे म्हणूनच. नैसर्गिक ट्रम्पेटची नळी आजच्याच्या दुप्पट लांब असते, तिला झडपा नसतात. मिळतात ते फक्त स्वयंभू स्वर. त्यांतला अकरावा शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या बरोबर मधे पडतो, तेरावा कोमल आणि शुद्ध धैवताच्या मधे. ते ओठांनी ओढून जागेवर आणावे लागतात. आज बरेच वादक नळीला तीन-चार भोकं पाडून हे सोपं करतात, पण ती युक्ती 1960 च्या सुमाराची आहे. कोणत्या प्रकारचं वाद्य आणणार, हे बोलावतानाच विचारून ठेवा, कारण बिनभोकांच्या ट्रम्पेटला तालमी जास्त लागतात. टिंपनीचं कातडं वासराचं असतं, दमट हवेत ते सैल पडून उतरतं आणि दिव्यांखाली ताणून चढतं. 'मसाया'त ट्रम्पेटवाले तासन्‌तास गप्प बसतात आणि तेवढ्यात नळी गार होऊन सूर उतरतो. म्हणून तिसऱ्या भागातल्या एकल ट्रम्पेटच्या गाण्याआधी वादकाने दोन-तीन मिनिटं आवाज न काढता नळीत गरम श्वास सोडत राहायचा.