एटीव्हीचं फुटकं मडगार्ड: आधी मागची खूण वाच

भाऊ, तुझ्या एटीव्हीचं (कच्च्या वाटेवरच्या चारचाकी गाडीचं) मडगार्ड चिकटवायला घेतलेली ती फेव्हिक्विकची ट्यूब आधी बाजूला ठेव. मडगार्डचं पॅनल काढ, धुऊन घे आणि मागची प्लास्टिकच्या जातीची खूण वाच: पीई, पीपी की एबीएस. खूण झिजली असेल तर कडेचा बारीक तुकडा पाण्यात टाक. तरंगला तर पीई किंवा पीपी. त्याला साधा गोंद धरतच नाही, वितळवूनच सांधावं लागतं. बुडाला तर बहुधा एबीएस. त्याला त्याच्याच चुऱ्याचा ॲसिटोन या द्रावकात केलेला लगदा छान बसतो.

वितळवण्याआधी चिरेच्या अगदी टोकाला 3 मिमीचं भोक पाड. हे टाळलंस तर नाशिकजवळच्या गंगापूर धरणाकडच्या कच्च्या वाटेवर चीर पुढे पळालीच समज. मग मागून व्ही आकाराची खाच कर, सोल्डरिंग आयर्नने स्टीलची बारीक जाळी आत दाब आणि वरून त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी वितळव. धूर निघाला की प्लास्टिक जळतंय, सांधत नाहीये. खिडकी उघडी ठेव, तो धूर वाईट.

उन्हानं पांढरं पडून नखानं भुगा होणारं पॅनल मात्र सोडून दे. त्यावर सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतला कारागीरही काय करणार? आणि बसवताना बोल्ट करकचून आवळू नकोस, रुंद वॉशर घाल. बऱ्याच चिरा तिथूनच सुरू होतात.